कुठल्या भिंतीचं प्लास्टर

माझ्या मुलीचं जर्मनीला शिकायला जायचं नक्की झालं, तेव्हा तिची कागदपत्रं करून देणाऱ्या मंडळींनी पुण्यात पालकांसाठी एक मार्गदर्शन सभा ठेवली होती. आम्ही भोरला राहतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना 'पुढे बसा, लक्ष द्या' सांगण्यात गेलेली. त्यामुळे मी पहिल्या रांगेत बसले आणि दोन रंगांच्या पेनांनी सगळं उतरवून घेतलं. नवरा शेवटच्या रांगेत बसला. त्याचं कापूरहोळला गॅरेज आहे, टेम्पो आणि पिकअप दुरुस्त करतो. एसीची हवा लागताच त्याला झोप आली.

सांगणारे गृहस्थ टाय लावून आले होते. मुलांना दिवसातून एकदाच फोन करा. त्यांचे प्रश्न त्यांना सोडवू द्या. काही कळलं तर घाबरून जाऊ नका. विमानतळावर रडू नका, मुलांचा धीर सुटतो. मी प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ मारली. शेवटी प्रश्न विचारायला सांगितल्यावर एका आईनं विचारलं, 'कुकरची शिट्टी वाजली तर तिकडचे शेजारी तक्रार करतात का?' गृहस्थ हसून पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला मात्र तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटला आणि मी तोही लिहून घेतला.

मुलीला शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यामुळे वरवे बुद्रुकला सासूबाईंच्या घरी सगळी भावकी जमली. विहारात बुद्धवंदना झाली, खीर वाटली. प्रत्येकानं तिला काहीतरी सल्ला दिला. सासूबाई म्हणाल्या, 'थंडी लई असती म्हणं तिकडं. डोक्याला तेल लावत जा.' ती सगळ्यांना 'हो' म्हणत होती. लहानपणापासून ती अशीच आहे. 'हो' म्हटलं की समोरचा गप्प बसतो, हे तिला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं.

मुंबईच्या विमानतळावर मी रडले नाही. लाल रेघ मारलेला नियम होता. ती काचेच्या दारातून आत गेली, मी हात हलवला आणि वळून पाहिलं तर नवरा शेजारी नाही. तो पार्किंगमध्ये आमच्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता. दहा मिनिटं तसाच होता. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

पहिला महिना बरा गेला. दिवसातून एकच फोन हा नियम मी काटेकोर पाळला. मेसेज मी फोनमध्ये धरत नव्हते. 'उठलीस का', 'जेवलीस का', 'काय जेवलीस', 'स्वेटर कुठला घातलास', 'फोटो पाठव' हे सगळं नियमाबाहेरचं होतं. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, थंडीत साडेचार. हे गणित माझ्या डोक्यात सतत चालू असायचं, म्हणून तिसरीच्या वर्गाला घड्याळ शिकवतानाही मी जर्मनीचीच उदाहरणं घातली. पुढे केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, 'किती वाजले, सांग बरं.' ती उभी राहून म्हणाली, 'हितलं सांगू का जर्मनीतलं?' केंद्रप्रमुखांनी शेऱ्याची वही उघडली आणि पुन्हा मिटली.

त्याच सुमाराला पालीच्या ताई माझ्याकडे आल्या. राजगडाच्या पायथ्याला त्यांचं घर. थोडी भातशेती, आणि गडावर जाणाऱ्या लोकांना त्या पिठलं-भाकरी करून वाढतात. त्यांचा मुलगा तिसरी-चौथीत माझ्या हाताखाली शिकला होता, मी पालीच्या शाळेत होते तेव्हा. अत्यंत सरळ पोरगा. चुकून फळा पुसला तरी येऊन सांगायचा, 'बाई, मी पुसला.' तोही आता जर्मनीला निघाला होता आणि योगायोग असा की माझ्या मुलीच्याच गावात, तिच्याच विद्यापीठात. ताई पिशवीत नाचणीचं पीठ आणि दोन काकड्या घेऊन शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसल्या.

'बाई, तुमची लेक पुढं गेलीय. आम्हाला काय ठाऊक न्हाई. जरा समजावून सांगा.'

मी वही काढली. पाऊण तास मी त्यांना मार्गदर्शन केलं. एकदाच फोन, घाबरायचं नाही, मुलांवर विश्वास ठेवायचा, रडायचं नाही. ताई गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होत्या. मी वही मिटल्यावर त्यांनी विचारलं, 'बाई, ह्यातलं तुमी सोता काय काय करता?'

तेवढ्यात मधली सुट्टी संपली. घंटा मीच दिली, वेळेच्या चार मिनिटं आधी.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा मुलगी फोनवर मोकळ्या केसांनी दिसायला लागली. तिचे केस कमरेपर्यंत आहेत आणि दहावीपासून ती स्वतःची वेणी स्वतः घालते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, 'केस धुतलेस वाटतं.' ती 'हो' म्हणाली. दुसऱ्या दिवशीही मोकळे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, 'तिकडे गेल्यावर वेणीची लाज वाटायला लागली का?' ती 'नाही गं' म्हणाली आणि विषय बदलला. मी काही सोडला नाही. तो आठवडाभर मी तिला केसांवर बोलले. केस गळतील, जेवणात पडतील, आजी काय म्हणेल. आणखी एक गोष्ट मला खटकत होती, पण नेमकी काय ते कळत नव्हतं. फोन ती नेहमी अगदी जवळ धरायची. चेहरा सोडून काही दिसायचं नाही.

मग दोन दिवस तिनं फोन उचलला नाही. 'प्रोजेक्ट आहे, नंतर बोलते' एवढा एक मेसेज आला. लाल रेघांच्या नियमांप्रमाणे मी शांत बसायला हवं होतं. मी वर्गात फळ्यावर शुद्धलेखन लिहायला घेतलं आणि 'काळजी' हा शब्द तीनदा लिहिला, त्यातला एकदा चुकीचा. मुलांनीच दाखवून दिला.

शाळा सुटल्यावर घरी येऊन मी पालीच्या ताईंच्या मुलाला फोन लावला.

'बाई, नमस्कार,' तो म्हणाला. आवाजावरून तो उभा राहिला असणार, अशी माझी खात्री आहे.

'माझी मुलगी कुठे आहे? फोन का उचलत नाही?'

'बाई, ती एकदम बरी आहे. तुम्ही काळजी करू नका. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर पुढच्या...' आणि तो थांबला.

'कसलं प्लास्टर?'

मग तो म्हणाला, 'भिंतीचं, बाई.'

'कुठल्या भिंतीचं?'

'होस्टेलच्या.'

'आणि भिंतीला डॉक्टर लागतो?'

हा प्रश्न मी तिसरीतल्या मुलाला विचारावा तशा आवाजात विचारला. त्या आवाजापुढे हा मुलगा कधीच टिकला नव्हता. त्यानं सगळं सांगितलं. पहाटे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, ती सायकलवरून वर्गाला निघाली होती, घसरली. उजवं मनगट मोडलं. यानंच तिला दवाखान्यात नेलं होतं. विमा होता, सगळं नीट झालं. पाच आठवड्यांचं प्लास्टर, त्यातले दहा दिवस झाले. 'बाई, मी सांगितलं असं तिला सांगू नका,' तो म्हणाला. मग जरा थांबून, 'किंवा सांगा. नाहीतरी मी तिला सांगणारच आहे, की मी सांगितलं.'

मी ओट्याला टेकून खाली बसले. उजवा हात. म्हणजे वेणी घालता येत नव्हती. आणि मी आठवडाभर तिला केसांवरून बोलत होते.

नवरा गॅरेजमधून आला तेव्हा मी पासपोर्ट शोधत होते आणि शोधता शोधताच त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'तुझा पासपोर्ट नाहीये.' हे खरं होतं. मग मी त्याच्यावर चिडले की तुला धक्कासुद्धा बसला नाही. तो खाली बसला, हात चोळत राहिला आणि म्हणाला, 'बसला. पण दहा दिवस झाले, हात जुळायला लागला असेल. आता आपण काय करणार?' त्यानं माझ्यासाठी चहा केला, त्यात साखर घालायला विसरला, आणि मी तसाच प्याले.

फोनवर तो मुलगा बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगून गेला होता. 'आईला माहितीये, बाई, मीच सांगितलं. ती तिच्याशी रोज बोलते.' त्याची आई. पालीच्या ताई. माझ्या मुलीचा हात मोडल्याचं पालीला माहीत होतं आणि भोरला नव्हतं.

रविवारी मी स्कूटी काढली. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, सगळ्या रस्त्यानं मी ताईंना काय काय बोलायचं ते मोठ्यानं म्हणून बघत होते. हेल्मेटमध्ये असलं बोलणं चांगलं घुमतं. पालीत पोचले तर ताईंच्या अंगणात पंधरा-वीस ट्रेकवाले. काही गडावरून उतरलेले, काही चढायचे. ताई चुलीपुढे, घामाघूम. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

'बरं झालं, बाई आलात. ती परात घ्या, पीठ मळा. दुसरी बाई आज आली न्हाई.'

मी भांडायला आले होते. पण वीस भुकेली माणसं समोर असताना भांडण सुरू कुठून करायचं, ते मला सुचेना. मी हात धुतले आणि पीठ मळायला बसले. दीड तास मी भाकऱ्या थापल्या आणि ठेचा वाढला. पुण्याच्या एका मुलानं मला 'मावशी, अजून एक' म्हणून तीनदा हाक मारली. शेवटची पंगत उठल्यावर मी पिठाच्या हातांनीच म्हणाले, 'ताई, माझ्या मुलीचा हात मोडला, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.'

ताईंनी तवा उतरवला. 'न्हाई सांगितलं,' त्या म्हणाल्या. 'तिनं माझ्याकडनं शब्द घेतला हुता.'

'तुम्हाला मुलगी असती आणि मी असं केलं असतं तर?'

'तर मी बी तुमच्या दारात आले असते, असंच.' त्यांनी मला पाट सरकवला. 'बाई, रागावू नका. ती घाबरली हुती. हाताला न्हाई, तुमाला घाबरली हुती. म्हणाली, आई एकतर रडंल न्हाईतर विमानात बसंल.'

पासपोर्ट शोधल्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

ताई चुलीतली लाकडं मागे ओढत बोलत राहिल्या. त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याला कावीळ झाली होती. त्यानं फोन करून सांगितलं. ताई तशाच एसटीनं निघाल्या, पिशवीभर लिंबं आणि उसाची कांडकी घेऊन. होस्टेलच्या दारातच त्यांनी असा हंबरडा फोडला की वॉचमनला वाटलं पोरगा गेला. पोरं खाली धावत आली. त्यांचा मुलगा जिन्यात उभा, तोंड पिवळं आणि लाजेनं लाल. 'त्या दिवसानंतर वरीसभर त्यानं मला कायबी सांगितलं न्हाई,' ताई म्हणाल्या. 'विचारलं की, बरं हाय. ताप असला तरी बरं हाय. नापास झाला तरी बरं हाय. मला सगळं दुसऱ्याकडनं कळायचं.'

'मग?'

'मग मी एक ठरवलं. कायबी कानावर आलं की आधी चुलीपाशी बसायचं आन् जाळ फुंकायचा. फुकणी तोंडात असली की बोलता येत न्हाई. तेवढ्या येळात मन जरा जाग्यावर येतं. आता सांगतो समदं. नको तेवढं सांगतो.'

मी विचारलं, 'माझी मुलगी रडली का तुमच्याजवळ?'

'रडली एकदा. दुखलं म्हणून न्हाई. वेणी घालता येत न्हाई म्हणून. आई रोज केसांवर बोलती, म्हणाली.'

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मुलीच्या मोडलेल्या हाताच्या काळजीपेक्षा ताईंचा हेवाच जास्त वाटला. ती रडली, आणि माझ्याजवळ नाही रडली. ताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदरानं मोबाईल पुसला.

'चला, गोठ्यामागं. तिथं रेंज असती. रोज हितनंच बोलते मी तिच्याशी, आता तिची येळ झाली.'

गोठ्यामागच्या बांधावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. ताईंनी व्हिडिओ कॉल लावला आणि घंटा वाजायला लागताच मोबाईल माझ्या हातात दिला. मला काही कळायच्या आत पडदा उजळला. माझी मुलगी खिडकीपाशी बसली होती, फोन टेबलावर टेकवून ठेवलेला, आणि छातीशी पांढरं प्लास्टर. त्यावर कुणीतरी निळ्या पेनानं मासा काढला होता. 'काकू, आज पिठलं होतं का?' ती म्हणाली, आणि मग तिला मी दिसले.

तिनं हात टेबलाखाली घेतला. टेबल लहान होतं, कोपर तसंच बाहेर राहिलं.

मी बोलायला तोंड उघडलं. ताईंनी माझा पाय आपल्या पायानं दाबला, चांगला जोरात. फुकणी तिथं नव्हती. मी तोंडानं नुसतीच फुंकर मारली, एकदा, दोनदा. पलीकडे मुलगी घाबरून बघत होती की आईला हे काय झालं.

मग मी विचारलं, 'केस कोण विंचरून देतं?'

तिनं हात टेबलाखालून वर घेतला. मग म्हणाली, 'शेजारच्या खोलीतली मैत्रीण. व्हिएतनामची आहे. विंचरते छान, पण तिला वेणी येत नाही. तीन पेडांचं तिला कळतच नाही, गाठी मारते.'

'आहे का ती तिथं?'

मैत्रीण होती. पडद्यात अर्धा चेहरा आला, गोल, हसरा. मी ताईंना खाली बसायला सांगितलं. 'आता गं बाई,' ताई म्हणाल्या, पण बसल्या. मी मोबाईल बांधावरच्या दगडाला टेकवला, ताईंचा अंबाडा सोडला आणि तिसरीच्या वर्गाला शिकवते तसं शिकवायला सुरुवात केली. माझं इंग्रजी बेताचं, तिचंही बेताचं. 'वन, टू, थ्री. थ्री ओव्हर टू. नाऊ वन ओव्हर थ्री.' तिकडे मैत्रीण माझ्या मुलीचे केस धरून तेच करत होती. दोनदा चुकली. मी पुन्हा उलगडून दाखवलं. ताईंची मान दुखायला लागली, त्यांना मी सरळ बसायला सांगितलं. गोठ्यातली म्हैस मान बाहेर काढून बघत होती. तेवढ्यात मघाचा 'मावशी, अजून एक' म्हणणारा ट्रेकवाला गाडीकडे जाता जाता थांबला, हे काय चाललंय ते त्याला कळलं नाही, आणि ताईंनी त्याला मान न हलवता 'जा, जा' म्हटलं.

वेणी झाली. जरा वाकडी, शेवटाला सैल, पण वेणी. मुलीनं ती डाव्या हातानं पुढे घेऊन दाखवली आणि मग रडली. मीही रडले. ताईंनी दोघींना रडू दिलं.

रडणं ओसरल्यावर तिनं पडल्याची सगळी हकिकत सांगितली. मला मध्येच दहा प्रश्न पडले, त्यातले आठ मी गिळले. हेल्मेट होतं का, हे मात्र विचारलं. नव्हतं. त्यावर काय बोलायचं ते मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बोलले.

जाताना मी ताईंना म्हणाले, 'अजून माझा राग पूर्ण गेलेला नाही.' त्या म्हणाल्या, 'जाऊ द्या सावकाश. पुढच्या रविवारी या, दुसरी बाई पुढच्या रविवारी बी न्हाई.' मी गेले. आता महिन्यातून एक रविवार तरी जाते.

हात जुळला. उजव्या हातानं लिहिता न आल्यानं तिचा एक पेपर बुडाला, पुढच्या सत्रात पुन्हा द्यावा लागला. हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. मी 'हं' म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन आले. आमच्याकडे गॅस आहे, फुंकण्यासारखं काही नाही, म्हणून मी लसूण सोलते. हात मोडल्यानंतरच्या सहा महिन्यांत आमच्या घरात सोललेला लसूण कधी संपला नाही. नवऱ्यानं तर त्याची चटणी करून डब्यात न्यायला सुरुवात केली आणि गॅरेजमध्ये कुणी विचारलं की सांगतो, 'मुलीची बातमी आली की आमच्याकडे चटणी होते.'

पुण्यातली ती सभा मी विसरलेली नाही. तिथलं सगळं बरोबरच होतं. फक्त ते सांगणाऱ्या गृहस्थांना, माझ्यासारखी आई ते ऐकून घरी जाऊन नेमकं काय करते, हे पाहायला मिळत नसावं.

परवा वरव्याचंच एक जोडपं घरी आलं. त्यांचा मुलगा आयर्लंडला निघालाय. दोघं सोफ्याच्या कडेवर बसलेले, लग्नाच्या बोलणीला बसावं तसे. 'मॅडम, तुमी अनुभवी. आमाला जरा मार्गदर्शन करा,' वडील म्हणाले. मी त्यांना कुकरची जास्तीची रिंग द्यायला सांगितलं, विम्याच्या कागदांची एक प्रत घरी ठेवायला सांगितली, आणि हाताची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या बाजूचं काही न लपवता. आई मध्ये मध्ये हसत होती आणि डोळेही पुसत होती.

वडील सोफ्यावर जरा मागे सरकले. मग त्यांनी विचारलं, 'पर तिकडं गेल्यावर पोरगं आपलं ऱ्हातं का, मॅडम?'

'ते मला अजून कळलेलं नाही,' मी म्हणाले. 'माझी मुलगी पुढच्या महिन्यात सुट्टीला येतेय. तेव्हा बघून सांगते.'

त्यांनी मान डोलावली. आईनं विचारलं, शेंगदाण्याची चटणी विमानात चालते का. मी म्हणाले, चालते, पण दोन पिशव्यांत घाला, आणि तोंड घट्ट बांधा.